ताट वेगळं केलं, खिडकी मात्र बंदच

प्रश्न : ताई नमस्कार, मी पहिल्यांदाच लिहितेय, आणि रात्री पाऊण वाजता लिहितेय कारण दिवसा मोबाईल हातात घेतला की सासूबाई विचारतात कोणाला सांगतेयस घरातलं. आम्ही काळाचौकीला चाळीत राहतो, एक खोली आणि वर पोटमाळा, त्यात सासूबाई, मी, माझे मिस्टर, आमची साडेचार वर्षांची मुलगी आणि माझी नणंद. दीर-जाऊ दोन मुलांना घेऊन समोरच्याच खोलीत. नणंद 26 वर्षांची आहे, शिवणकामाच्या कारखान्यात जायची. गणपतीपासून खोकत होती, वजन उतरलं, संध्याकाळ झाली की अंगात कणकण, सगळे म्हणाले हवा बदललीय, मेडिकलमधून सिरप आणून देत होते. शेवटी दिवाळी झाल्यावर मीच तिला पालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेले, बेडका तपासला आणि टीबी निघाला. औषधं सुरू होऊन आज 12 दिवस झालेत.

रिपोर्ट घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसून ती रडली तेव्हा मी तिला शब्द दिला की कोणी नसलं तरी मी आहे. आता तो शब्द मला झेपत नाहीये असं वाटतं. घरी आल्यापासून तिचं ताट, वाटी, फुलपात्र वेगळं, कपडे वेगळे, झोपायला पोटमाळा. गॅलरीकडची खिडकी सासूबाई बंद ठेवतात, खोकला ऐकून शेजारी विचारतील म्हणून. जाऊ मुलांना घेऊन चिपळूणला माहेरी निघून गेली. दीर आणि सासूबाई म्हणतात हिला गावच्या घरी पाठवून देऊ, तिथे कोणी राहत नाही, चुलतकाकू जेवणाचं बघतील. मी नाही म्हटलं तर मिस्टर म्हणाले शब्द तू दिलास पण मुलगी माझीपण आहे, तिच्या जिवाशी खेळू नकोस. त्यावर मी गप्पच झाले. ते वाईट नाहीत हो, बहिणीवर जीव आहे त्यांचा, पण जवळ जाऊन बसत नाहीत.

आणि खरं सांगू का ताई, भीती मलापण वाटते. वर डबा देताना मी श्वास रोखून धरते आणि तिला ते कळतं. मग मी कसली तिच्या बाजूची? सगळं घर घाबरलंय म्हणजे सगळंच चुकतंय असं कसं असेल, कदाचित मीच हट्ट करतेय.
— एक वहिनी, काळाचौकी

उत्तर : अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि श्वास रोखून धरतेस ते वाक्य वाचून मला माझी नोकरीची पहिली दोन वर्षं आठवली. मी पालिकेच्या दवाखान्यात नर्स होते, टीबीच्या खिडकीवर गोळ्या द्यायचं काम माझ्याकडे होतं आणि समोरचा माणूस खोकला की माझी मान आपोआप वळायची. एकदा एका बाईने मला शांतपणे विचारलं, सिस्टर, माझा एवढा वास येतो का. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नव्हते. तिला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, बहुतेक काहीच दिलं नाही, आणि ते मला आजही लागतं. तेव्हा तू श्वास धरतेस म्हणून तिच्या बाजूची नाहीस असं मनात आणू नकोस, डबा घेऊन शिडी चढतेस ना, सध्या घरातलं दुसरं कोणी तेवढंपण करत नाहीये.

आता मिस्टरांच्या बोलण्याकडे येते, कारण तुझी खरी अडचण तिथे आहे. ते म्हणतात मुलीच्या जिवाशी खेळू नकोस. यात ते चूक नाहीत. घरात फुफ्फुसाचा टीबी असलेलं माणूस आणि साडेचार वर्षांचं लेकरू, तर काळजी केलीच पाहिजे, 5 वर्षांखालच्या मुलांना लागण झाली तर ती लवकर आणि जास्त जोरात आजारी पडतात. जन्मल्यावर बीसीजी टोचलेली असते, ती लहान मुलांना मेंदूच्या टीबीसारख्या भयंकर प्रकारांपासून बऱ्यापैकी वाचवते, पण त्यावर निवांत बसायचं नाही. म्हणून उद्याच्या उद्या मुलीला त्याच दवाखान्यात ने आणि सांग की घरात पेशंट आहे. ते तपासतील, गरज वाटली तर एक्स-रे काढतील, आणि तिला टीबी नाही अशी खात्री झाली की होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध सुरू करतील. त्याला प्रतिबंधक उपचार म्हणतात. सरकारी कार्यक्रमात ते घरातल्या मोठ्या माणसांसाठीपण आहे, म्हणजे तू, मिस्टर, सासूबाई, दीर सगळ्यांनीच तपासून घ्यायचंय. जावेला पण फोन करून सांग, चिपळूणला गेली तरी तिच्या मुलांची तपासणी राहिलेलीच आहे, कारण गणपतीपासून दिवाळीपर्यंत सगळी मुलं आत्याच्याच मांडीवर होती ना? निदान व्हायच्या आधीचे ते महिने सगळ्यात जास्त धोक्याचे होते, तेव्हा कोणी ताट वेगळं केलं नव्हतं.

ताटावरून आठवलं, हे घरात सगळ्यांना एकत्र बसवून मोठ्याने वाचून दाखव. टीबी ताट, वाटी, फुलपात्र, चादर, कपडे, हात लावणं, जवळ बसून जेवणं यातून पसरत नाही. तो हवेतून पसरतो. पेशंट खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो तेव्हा बारीक कणांतून जंतू हवेत जातात आणि बंद जागेत ते कण तासन्‌तास तरंगत राहतात, ती हवा दुसऱ्याने रोज रोज, बराच वेळ आत घेतली तर लागण होते. वारा आला की ते कण पांगतात, उन्हाने जंतू मरतात. आता तुझ्या घरात काय चाललंय ते बघ. जिथून काही होणार नाही ते ताट वेगळं काढलंय आणि जिथून होऊ शकतं ती खिडकी बंद करून ठेवलीय. पोटमाळ्यावर तर हवा येतही नाही आणि जातही नाही, आणि तिथेच तू डबा द्यायला चढतेस. घर घाबरलंय ते बरोबरच आहे गं, फक्त ती भीती नको त्या जागी जाऊन बसलीय, ती उचलून खिडकीपाशी आणायचं काम तुला करायचंय.

म्हणून पहिलं काम, नणंदेला पोटमाळ्यावरून खाली आण. खिडकीच्या कडेला तिचं अंथरूण, खिडकी रात्रीसुद्धा उघडी. दिराच्या खोलीत आता तो एकटाच आहे, तर डॉक्टर सांगेपर्यंत मुलगी आणि सासूबाई तिकडे झोपू देत, एवढं तर दीर करेल. दिवसा गॅलरीत ऊन येतं त्या वेळेला तिला खुर्ची टाकून बसव, शेजारच्यांना कळलं तर कळू दे. घरात माणसं असताना तिने साधा तीन पदरी मास्क लावायचा, खोकताना तोंडावर रुमाल, बेडका झाकणाच्या डब्यात. तुला तिच्याजवळ बंद जागेत बराच वेळ बसायचं असेल तर एन-95 लाव, नीट घट्ट बसलेला. आणि मग श्वास घे, पूर्ण. औषध लागू पडत असेल तर साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरवण्याची ताकद खूप खाली येते, आणि तुझे 12 दिवस झालेतच.

"लागू पडत असेल तर" असं मी मुद्दाम लिहिलं. मुंबईत औषधांना दाद न देणारा टीबी बराच आहे, त्यामुळे तिच्या रिपोर्टवर एक गोष्ट बघून घे, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (जंतू औषधाला दाद देतो का ते सांगणारी) टेस्ट केलीय का आणि रिफाम्पिसिनच्या पुढे काय लिहिलंय. जंतू या औषधाला दाद देत असेल तर नेहमीचा 6 महिन्यांचा कोर्स, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. दाद देत नसेल तर औषधं बदलतात, पण आता त्यातल्याही बऱ्याच पेशंटसाठी 6 महिन्यांचा कोर्स आलाय, पूर्वीसारखी दीड-दोन वर्षं आणि रोजची इंजेक्शनं राहिली नाहीत. टेस्टचा उल्लेखच नसेल तर डॉक्टरना विचार, लाजू नकोस, तो तुझा अधिकार आहे. गोळ्यांनी लघवी केशरी होते, तिला आधीच सांगून ठेव नाहीतर रक्त समजून पोरगी घाबरेल. उलट्या थांबत नसतील, डोळे पिवळे दिसले किंवा नजर अंधुक वाटली तर त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

गावी पाठवण्याचं विचारलंयस. औषध गावच्या सरकारी दवाखान्यातही मिळतं, नाव आधीच सरकारी नोंदीत असतं त्यामुळे बदलीपण होते, म्हणजे अडचण गोळ्यांची नाही. पण 26 वर्षांची आजारी मुलगी रिकाम्या घरात एकटी, जेवण उंबऱ्यावर ठेवून जाणार, मळमळ झाली म्हणून एक दिवस गोळी नको म्हटली तर विचारणारं कोणी नाही. माझ्या पाहण्यातला एक मुलगा असाच गावी गेला होता, 19 वर्षांचा. दीड महिन्यात बरं वाटायला लागलं, ताप गेला, भूक लागली, आणि त्याने गोळ्या सोडल्या. त्याच्या जवळ कोणी असतं तर सोडल्या नसत्या असं मला अजून वाटतं. परत आला तेव्हा पहिली औषधं चालत नव्हती. बरं वाटायला लागतं ना, तेच सगळ्यात फसवं वळण असतं, तिथे रोज सकाळी समोर बसून "घेतलीस का" विचारणारं माणूस लागतं. तू पायरीवर जो शब्द दिलास त्याचा अर्थ माझ्या लेखी एवढाच आहे, 6 महिने रोजची ती एक गोळीची वेळ. बाकी मोठं काही करायचं नाहीये तुला.

तुला वाटतं सगळे घाबरलेत म्हणजे काहीतरी असेलच. असतं ना, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते, तुझ्या घराच्या आसपासचीच. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून पळाली. सरकारी माणसं घरात शिरून पेशंट शोधायची, उचलून न्यायची, म्हणून लोक आजारी माणसाला घरातच लपवायचे. तुझ्या पोटमाळ्याचं वाचून मला तेच आठवलं. त्याच वेळी भायखळ्याला हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ प्लेगवरची लस तयार करत होते आणि 10 जानेवारी 1897 ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची, तुझ्या घरापासून चालत जाशील. आणि तिकडे पुण्याबाहेर सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत प्लेगच्या पेशंटना सांभाळत होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात आल्या, त्यातून त्यांनाच प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. शेवट मी मुद्दाम सांगितला, कारण जवळ जाण्याची किंमत कधीकधी खरंच मोजावी लागते आणि ते तुझ्यापासून लपवणं मला बरोबर वाटत नाही. पण त्यांच्याकडे प्लेगवर औषध नव्हतं गं. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने 1882 मध्ये टीबीचा जंतू शोधला तेव्हा त्यावरही नव्हतं, पुढची साठेक वर्षं नव्हतं. तुझ्याकडे गोळी आहे, मास्क आहे, मुलीसाठी आधीच द्यायचं औषध आहे, उघडता येईल अशी खिडकी आहे. सावित्रीबाईंना जेवढं धैर्य लागलं तेवढं तुझ्याकडून कोणी मागत नाहीये.

आता घरच्यांचं. त्यांच्याशी भांडू नकोस, खरंच नको, घाबरलेल्या माणसाला टोमणा मारला की तो आणखी आत जातो. सासूबाईंना एकदा निवांत विचार की तुमच्या लहानपणी क्षय कोणाला झाला होता का. माझ्याकडे एक आजी यायच्या, सुनेचं ताट कुणाला शिवू द्यायच्या नाहीत, आणि बऱ्याच दिवसांनी बोलता बोलता कळलं की त्यांची मोठी बहीण गावी गोठ्याशेजारच्या खोलीत क्षयाने गेली, या सात-आठ वर्षांच्या होत्या आणि दारातून बघायच्या. त्या बाईची भीती मी कुठल्या तोंडाने खोटी म्हणणार? मी त्यांना काम दिलं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज गोळी घेतली की लाल पेनाने खूण करायची. त्या आजींनी 6 महिन्यांत एक दिवस चुकू दिला नाही, सुनेने कंटाळा केला तर ओरडायच्या. तुझ्या सासूबाई शेजाऱ्यांच्या कानापर्यंत खोकला जाऊ नये म्हणून एवढ्या जागरूक असतात, ती जागरूकता इकडे वळव.

मिस्टरांना समजावत बसू नकोस, दवाखान्यात घेऊन जा. मुलीच्या तपासणीसाठी म्हण, ते नाही म्हणणार नाहीत. बायको सांगते ते आणि डॉक्टर एक्स-रे दाखवून सांगतो ते यात पुरुषांना फरक वाटतो, वाटू दे, आपल्याला कामाशी काम. दिराला बाजाराचं दे. टीबीच्या पेशंटला सरकारकडून पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये थेट बँक खात्यात येतात, 2024 च्या नोव्हेंबरपर्यंत ते 500 होते. नणंदेचं खातं जोडलंय का ते बघायला त्याला सांग, आणि डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध त्याने आणायचं, फक्त तिच्यासाठी नाही, सगळ्यांसाठी. झारखंडमध्ये आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठिंब्याने एक मोठा अभ्यास झाला, 2023 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पेशंटच्या घरातल्या माणसांना दर महिन्याला तांदूळ, तूरडाळ असा शिधा दिला तर त्यांच्यात नव्याने टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ 40 टक्क्यांनी कमी झालं. फार साधी गोष्ट आहे, घरातले सगळे नीट जेवले तर सगळ्यांचंच रक्षण. जावेवर रागावू नकोस, तिच्या पदरात दोन मुलं आहेत, तपासण्या झाल्या, डॉक्टरांचं ऐकलं की येईल ती.

काही अडलं तर 1800-11-6666 हा सरकारी टीबी हेल्पलाईनचा नंबर आहे, फुकट लागतो. आणि नणंदेला एक विचार, ती कोणाशी बोलते दिवसभर? तुझ्या पत्रात तिचं स्वतःचं एक वाक्यसुद्धा नाही. उद्या डबा देऊन लगेच खाली उतरू नकोस, तिला खिडकीत आणलंस की तिथे मास्क लावून दहा मिनिटं बस, कारखान्यातल्या गोष्टी विचार.

प्रश्न : ताई, आमचं लालबागचं 11 बायकांचं भिशी मंडळ आहे, 20 वर्षं झाली. आमच्यातल्या एकीला मागच्या वर्षी टीबी झाला होता, कोर्स पूर्ण झाला, डॉक्टरांनी बरी झाल्याचं सांगितलं. आता संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवू नका असं ग्रुपवर एकीने लिहिलं आणि बाकीच्यांनी नुसते हात जोडलेले पाठवले. मी काही लिहिलं नाही. वय 61, मला शुगर आहे, तेवढी भीती आहेच. पण झोप लागत नाही.
— एक भगिनी, लालबाग

उत्तर : कोर्स पूर्ण, डॉक्टर म्हणतात बरी, तर तिच्यापासून तुम्हाला काही होणार नाही, हे आधी मनाला नीट सांगा. शुगर असली की टीबीचा धोका वाढतो हे खरं आहे, म्हणून शुगर ताब्यात ठेवा आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर स्वतः तपासून घ्या, पण त्याचा त्या मैत्रिणीशी संबंध नाही.

बाकीच्या 8 जणींचे हात जोडलेले बघून तुम्हाला वाटलं की सगळ्यांचं तेच मत आहे. मला तसं वाटत नाही. सॉलोमन अ‍ॅश नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते, 1950 च्या सुमारास अमेरिकेत त्यांनी एक साधा प्रयोग केला, रेघा दाखवायच्या आणि कुठली दुसऱ्या रेघेएवढी आहे ते विचारायचं. उत्तर लहान पोर सांगेल इतकं सोपं. पण खोलीतल्या बाकी सगळ्यांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं की खऱ्या माणसांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जण निदान एकदा तरी त्यांच्यामागे गेले, डोळ्यांना दिसत असूनसुद्धा. आणि मग त्यांनी त्या खोलीत बरोबर उत्तर देणारा एकच माणूस बसवला तर हे मागे जाणं एकदम कमी झालं. एकच माणूस पुरला. तुमच्या ग्रुपमध्येही दोघी-तिघी अशाच जाग्या असतील, त्या कोणीतरी बोलायची वाट बघतायत असा माझा अंदाज आहे.

ग्रुपवर भाषण लिहू नका. आज तिच्या घरी जा, तिच्या हातचा चहा प्या, आणि तिथूनच ग्रुपवर एवढंच टाका की आम्ही दोघी हळदीकुंकवाला सोबत येतोय, वाण कोण आणतंय ते सांगा. एखादी येणार नाही म्हणेल, म्हणू दे तिला, तिला पण नंतर घरी जाऊन वाण देऊन या. रथसप्तमीनंतर मला कळवा किती जणी आल्या, मी खरंच वाट बघतेय. काळाचौकीच्या वहिनीनेही कळवायचंय, दीर बाजारात गेला का ते.